मोजलेले आणि मानलेले

माणूस चालतो तेव्हा शरीराच्या आत काय घडते, यातले फार थोडे बाहेरून मोजता येते. अंगावर चिकटवलेल्या खुणा कॅमेऱ्यांनी टिपल्या की सांधे किती अंशांनी वळले ते कळते. जमिनीत बसवलेली बलमापक पाटी पाऊल किती जोराने टेकले ते सांगते. कातडीवरचे इलेक्ट्रोड स्नायू केव्हा जागा झाला याची खबर देतात. पण पोटरीने नेमका किती जोर लावला, हे थेट मोजायचे तर कंडरेलाच हात घालावा लागेल. ही उणीव भरून काढायला संगणकी मॉडेल आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी घडवलेली, २००७ साली शोधनिबंधातून मांडलेली ओपनसिम ही प्रणाली आज कुणालाही मोफत मिळते. थोडा सराव केला की पडद्यावर सांगाडा चालू लागतो, त्याचे स्नायू निळ्याचे लाल होतात आणि आलेख उमटतो. आपल्याला मॉडेलिंग आले असे वाटते ते इथे. माझ्या मते शिकण्याची खरी सुरुवातही इथूनच व्हायला हवी, कारण आलेखातले किती मोजलेले आणि किती मानलेले, हे तो स्वतःहून सांगत नाही.

सांध्यांची गती आणि जमिनीचा प्रतिजोर ठाऊक असला की न्यूटनच्या नियमांनी प्रत्येक सांध्याला किती टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, लागला ते निघते. इथवर वाट बरीच पक्की. पण ओपनसिमच्या एका प्रचलित मॉडेलमध्ये हालचालीच्या स्वतंत्र दिशा २३ आणि स्नायूघटक ९२ आहेत. समीकरणे थोडी, अज्ञाते फार. एकच टॉर्क स्नायूंमध्ये असंख्य प्रकारे वाटता येतो. मग प्रणाली सहसा एक कसोटी लावते : स्नायूंच्या सक्रियतेच्या वर्गांची बेरीज कमीत कमी भरावी. म्हणजे शरीर काटकसरी आहे असे मानून चालायचे. निरोगी माणसाच्या सरळ चालीत हे बऱ्यापैकी खपून जाते. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल किंवा दुखरा गुडघा जपत चालणारा माणूस मात्र काटकसर करतोच असे नाही. सांध्याच्या दोन्ही अंगांचे स्नायू एकदम आवळून त्याचे शरीर सांधा ताठ धरू शकते. ही ओढाताण सांध्यावरचा भार वाढवते, पण टॉर्कच्या बेरजेत परस्परांना खोडून टाकते, आणि काटकसरीच्या कसोटीला तर ती निव्वळ उधळपट्टीच वाटणार. ज्याच्यासाठी हिशेब मांडायचा, नेमके त्याच्याच बाबतीत गृहीतक कच्चे. शिवाय स्नायूंचे आकडेही कुणाच्या तरी देहातून आलेले असतात. डेल्प यांच्या १९९० च्या पायाच्या मॉडेलमागे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मृतदेहांची मोजमापे होती. २००९ मध्ये २१ देहांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ऐंशीच्या पुढचे. तेच आकडे मापात बसवून आपण दहा वर्षांच्या मुलाला चढवतो.

मग ही खटपट हवीच कशाला, असे एखादा शल्यविशारद विचारील. प्रश्न रास्त आहे, पण त्यात सगळी उत्तरे एका पारड्यात टाकलेली आहेत. सेरेब्रल पाल्सीतली काही मुले गुडघे वाकवून चालतात. मांडीमागचे स्नायू आखूड पडले असावेत, असे धरून ते लांबवण्याची शस्त्रक्रिया केली जाते. डेल्प यांच्या गटाने मॉडेलवरून पाहिले तेव्हा अशा अनेक मुलांचे हे स्नायू चालताना आखूड नव्हतेच. हे उत्तर काटकसरीच्या गृहीतकावर उभे नाही. सांध्यांचे कोन आणि हाडांवरून जाणारा स्नायूचा मार्ग एवढ्यावरून लांबी निघते. मार्गाचीही धास्ती असतेच, हाडाला पीळ असला की तो बदलतो. तरी बळाच्या आकड्यापेक्षा लांबीचा आकडा मोजमापाच्या कितीतरी जवळ आहे. एकाच प्रणालीतून, एकाच दिवशी निघालेल्या या दोन आकड्यांवर सारखाच भरवसा ठेवणाऱ्याला मॉडेलिंग आले असे मी म्हणणार नाही.

बळाचा आकडा पडताळण्याची वाट अगदीच बंद नाही. काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात भारमापक बसवलेले असतात आणि साध्या चालण्यातही तिथे शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार नोंदला जातो. या नोंदींवर संशोधकांनी स्पर्धाच लावली : आधी अंदाज कळवायचा, मग खरा आकडा उघड करायचा. शिकवण्यासाठी याहून चांगला धडा मला दिसत नाही. उत्तर माहीत असताना मॉडेलची चक्रे हवी तशी फिरवणे सोपे असते, आणि त्यात लबाडी असावीच लागते असेही नाही.

आता ओपनकॅपसारख्या साधनाने दोन आयफोनच्या चित्रणावरून चाल टिपता येते. महागड्या प्रयोगशाळेशिवाय छोट्या दवाखान्यालाही हे साधेल, ही मोठीच गोष्ट. पण त्यात बलमापक पाटीही गेली. जमिनीचा जोरसुद्धा आता मोजलेल्यातून मानलेल्यात आला. साधन जितके सोपे, तितकी ही सरहद्द पुसट. आपल्याकडे तर आणखी एक पेच आहे. २०१६ चे एक बहुवापरातले मॉडेल चालणे-धावणे डोळ्यांसमोर ठेवून रचले गेले आणि त्याचा गुडघा १२० अंशांपर्यंतच वाकत असे. वर्षभराने दुरुस्ती होऊन तो १४० पर्यंत गेला. उकिडवे बसलेल्या माणसाचा गुडघा त्याच्याही पुढे जातो, आणि तिथे मांडी-पोटरीचे मांस एकमेकांवर टेकून भाराचा एक वाटा उचलते. हा वाटा हिशेबात न धरणाऱ्या मॉडेलला शेतात खुरपणीला बसलेल्या बाईच्या गुडघ्यावरचा भार विचारला, तरी ते मुकाट्याने आकडा देईल, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत.