नंबर लागंन का?

डिसेंबरातली संध्याकाळ. दिवसभर कापूस वेचून बायका शेताच्या धुऱ्यावर येतात आणि गाठोडी एकेक करून काट्यावर चढतात. काट्यापाशी पाचवीतली एक मुलगी वही घेऊन उभी असते. आईचे किती किलो झाले, काकूचे किती, किलोमागे मजुरी धरली तर हाती किती येणार, हे ती सगळ्यांच्या आधी सांगते. त्याच वहीच्या पुढच्या पानांवर नवोदयच्या प्रवेश परीक्षेच्या सरावाची गणितं आहेत. मी शाळेचा गुरुजी. मला पाहिलं की तिची आई दर वेळी एकच विचारते, "गुरुजी, माह्या पोरीचा नंबर लागंन का?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हिवाळ्यात हा प्रश्न मुक्कामाला येतो. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 मध्ये सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या शेजारी अमरावतीला. खेड्यातल्या हुशार मुलाला पैशावाचून अडू नये, हा त्यामागचा विचार होता. म्हणून किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सारं शाळेकडून. ज्या घरात पिकाचा भाव पडला की आधी पोरांच्या वह्यांचा विचार करावा लागतो, त्या घराला बेलोऱ्याचं दार केवढं मोठं दिसत असेल! त्या आईच्या प्रश्नात हाव नाही. आपल्या वाट्याचं उन्ह लेकराच्या वाट्याला येऊ नये, एवढीच तिची इच्छा आहे.

पण दार मोठं असलं तरी उंबरा अरुंद आहे. सहावीच्या जागा जास्तीत जास्त 80. दोन तासांचा पेपर, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ज्या वयात विटीदांडूतसुद्धा हरलेला डाव पुन्हा मांडता येतो, त्या वयात आपण मुलाला सांगतो, "एकच चान्स आहे, नीट कर." हे वाक्य दहा वर्षांच्या खांद्यावर किती जड होतं, ते परीक्षेच्या सकाळी काही मुलांच्या थंड पडलेल्या हातांत मी पाहिलं आहे.

बुद्धी मोजण्याची ही रीत आली कुठून? 1905 मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांसाठी प्रश्नांची एक मालिका तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या, वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखावं, हा त्यामागचा हेतू होता. बुद्धी जन्मतःच ठरते आणि पुढे वाढत नाही, ही समजूत बिने यांना मान्य नव्हती. 1909 मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिला स्पष्ट विरोध केला. म्हणजे आज ज्या प्रकारच्या चाचणीने आपण मुलं निवडतो, तिचा जन्म मुलांना हात देण्यासाठी झाला होता.

सरावाला बसताना मला हे सारखं आठवतं. मुलीने चाळीसपैकी बावीस बरोबर सोडवले, तर आपली नजर लगेच उरलेल्या अठरांवर जाते आणि कपाळाला आठी पडते. ती आठी लेकरू वाचतं. खरं तर चुकलेला प्रश्न आपल्याला पत्ता सांगत असतो. उद्या कुठे बसायचं, काय हातात घ्यायचं, ते त्यातूनच कळतं. आरशातली आकृती चुकली? थाळीत पाणी घ्यावं, वहीवरचा बाण त्यात दाखवावा. घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, हे जमत नाही? जुना पेपर घ्यावा, घडी घालावी, खिळ्याने भोक पाडावं आणि उलगडण्याआधी मुलीलाच विचारावं, "सांग बरं, किती दिसतीन?" लपलेली आकृती शोधायला रांगोळीच्या ठिपक्यांहून चांगलं पुस्तक नाही. काट्यावरचा हिशेब करणारी पोर अंकगणिताला का घाबरेल? आणि भाषेच्या उताऱ्यांसाठी तर रोज रात्री आईला एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवावी. त्यात आईचीही करमणूक होते, आणि मुलीला कळतं की वाचणं हे कुणाला तरी द्यायचं असतं.

अशा सरावाला क्लासची फी लागत नाही. लागतो तो रोजचा अर्धा-पाऊण तास आणि न चिडणारं माणूस.

आणखी एक तयारी आहे. तिचे गुण पेपरात नाहीत. नंबर लागलाच, तर सहावी ते बारावी सात वर्षं मुलगी घराबाहेर राहणार. स्वतःची वेणी घालणं, अंथरूण आवरणं, कपडे धुणं, न आवडणारी भाजी ताटात उरू न देणं, रात्री आईची आठवण आली तर शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला तसं सांगता येणं. ज्या घरांनी केवळ पेपर घोटून घेतले, त्यांची लेकरं निवड होऊनही पहिल्या महिन्यात कोमेजताना दिसतात. ही तयारी मात्र कधीच वाया जात नाही. नंबर लागो न लागो, वेणी स्वतः घालता आली ती आलीच.

आणि नाही लागला तर? जिल्ह्यात परीक्षा देणारी बहुतेक मुलं या बाजूचीच असतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच शाळेत, त्याच बाकावर येऊन बसतात. त्यांची हुशारी रात्रीतून कुठे गेलेली नसते. पुढे आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. नववीत रिकाम्या जागांसाठी नवोदयचं दारही पुन्हा किलकिलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की घडीचा कागद मनातल्या मनात उलगडायला शिकलेली मुलगी ते विसरत नाही. तो सराव तिचा झाला. यादीत नाव नाही म्हणून तो कुणाला परत द्यावा लागत नाही.

2025 मध्ये नवोदयची सहावीची परीक्षा आपल्याकडे 18 जानेवारीला होती. केंद्राबाहेर पालकांची गर्दी. पेपर सुटला की दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लेकरावर पहिला प्रश्न आदळतो, "किती सुटले?" मूल उत्तर द्यायच्या आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं. तेवढ्या एका क्षणात त्याला कळतं, आपण घरी कोण म्हणून जाणार आहोत.

म्हणून काट्यापाशी त्या आईनं परवा पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बाई, नंबराचं मले सांगता येत नाही. पण पेपर सुटल्यावर तिले आधी डबा दे. पोटभर खाऊ दे. मग विचार, कोणतं गणित सोडवताना मजा आली." आई क्षणभर गप्प राहिली. मग लेकीकडे वळून तिनं तिथंच, कापसाच्या गाठोड्यावर हात ठेवून विचारलं, "काय वं, तुले कोणतं आवडते?"

मुलीनं वही उघडली आणि आईला घडीचा कागद समजावून सांगू लागली.