शिकाऊ हात

दोन वर्षांपूर्वी माझी आई तापाने दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयात पंधरा दिवस होती. रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले; त्यामुळे रोज सकाळी प्राध्यापकांच्या मागून विद्यार्थ्यांचा घोळका येई. आईची पाणथरी वाढली होती. ती हाताला कशी लागते, हे प्रत्येकाने पोट दाबून पाहावयाचे. सहाव्या विद्यार्थ्याच्या वेळी आईने मान वळवून मला हळूच विचारले, "अरे, मी यांचे पुस्तक आहे का?"

तो प्रश्न मला अजून सोडीत नाही. वैद्यविद्या ग्रंथांत असते, पण वैद्य केवळ ग्रंथांतून घडत नाही. हे सुश्रुताने पुरते जाणले होते. त्याच्या संहितेत 'योग्या', म्हणजे सराव, यावर स्वतंत्र अध्यायच आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा. शिरावेधाचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. पट्टी बांधण्याचा पुतळ्यावर. आजचा एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. 2019 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर कृत्रिम पुतळ्यांवरील सरावाची आणि नीती व संवाद यांच्या शिक्षणाचीही तरतूद आहे. तरीही, भोपळ्याला वेदना नसते. केव्हा तरी पहिली सुई जिवंत दंडातच टोचावी लागते.

तो दंड कोणाचा? बहुधा गरिबाचा. आमच्या कार्यालयात नवा कारकून टिपणी लिहावयास शिकतो, तेव्हा बिघडलेला कागद फाडून टाकता येतो. येथे ती सोय नाही. गेल्या वर्षी केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर माझी हर्नियाची शस्त्रक्रिया एका खाजगी रुग्णालयात झाली. सर्जनचा हात सराईत होता. पण तो सराईत होण्यापूर्वी कोणाच्या तरी शरीरावर अडखळला असलाच पाहिजे. त्या अनामिकाचे ऋण माझ्याकडे आहे.

कोणी म्हणेल, त्यांना उपचार फुकट मिळतात, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद मला मान्य नाही. सार्वजनिक पैशातून मिळणारा उपचार हा नागरिकाचा हक्क आहे. त्याची किंमत म्हणून देह मागता येत नाही. शिक्षण थांबविणेही शक्य नाही, नाहीतर उद्याचे वैद्य येतील कोठून? मग उरतात दोनच न्याय्य गोष्टी. शिकण्याचा भार ऐपतदारांच्या खोल्यांतही वाटला जावा. आणि जेथे शिकावयाचे, तेथे आधी विचारावे, नकार आला तर तो मानावा.

त्या घोळक्यात शेवटी एक मुलगी होती. तिने तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले आणि विचारले, "अम्मा, हाथ लगाऊँ?" आईने मान डोलावली. विद्यार्थी गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "ही चांगली डॉक्टर होईल."

पाणथरी त्या मुलीला नीट लागली की नाही, हे आईला कळण्याचे कारण नव्हते. तिने गुण दिले ते विचारण्याला. परीक्षकांनीही ते द्यावेत, असे मला वाटते.