कोश कोणाचा?

कोशातील शब्दांवर मालकी कोणाची, हा प्रश्न पूर्वी प्रकाशक आणि वकील यांच्यापुरता होता. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, वझे यांचा १९११ चा शालेय कोश आणि दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर चढविल्यापासून तो सामान्य वाचकाच्या दाराशी आला आहे. आमच्या वाशीमचा विद्यार्थीही आज हे ग्रंथ घरबसल्या चाळू शकतो. परंतु एकेक शब्द पाहू देणे निराळे, आणि सगळी कोशसामग्री उचलून नेऊन पुन्हा वाटू देणे निराळे. पहिल्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. दुसऱ्याचा विषय निघाला की भली भली माणसे दोन तट करून उभी राहतात.

एक पक्ष म्हणतो, भाषा सर्वांची, तेव्हा तिचा कोश एकाचा कसा होईल? या म्हणण्यात अर्धेच सत्य आहे. 'वावर' हा शब्द वऱ्हाडातील प्रत्येक कास्तकाराचा आहे, त्यावर कोणाचीही सत्ता चालावयाची नाही. परंतु त्या शब्दाच्या अर्थच्छटा निवडून, त्याची व्युत्पत्ती तपासून, नेमके वाक्यप्रयोग शोधून जो चार ओळींचा लेख सिद्ध करतो, त्या ओळी त्याच्या बुद्धीच्या आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका खटल्यात असाच विवेक केला आहे. केवळ घाम गाळला म्हणून हक्क उत्पन्न होत नाही, निवडीत आणि मांडणीत काही बुद्धिकौशल्य दिसले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होय. तो खटला कायद्याच्या निकालपत्रांविषयी होता. तथापि कोशकारांनी तो वाचण्याजोगा आहे.

दुसरा पक्ष श्रमाची थोरवी गातो, आणि ती खरीच आहे. मात्र श्रमाचा मोबदला किती पिढ्या चालावा? १९५७ च्या कायद्यान्वये लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क चालत असे. १९९२ साली, रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली असता, ती ६० वर्षे करण्यात आली. ग्रंथ अनेकांनी मिळून केलेला असेल तर त्यांपैकी जो शेवटी निवर्तला त्याच्यापासून मोजणी. मोल्सवर्थ या हिशेबाने केव्हाच मोकळा झाला. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० साली. संपादक एकापेक्षा अधिक, प्रकाशक महाराष्ट्र कोशमंडळ. तेथे हिशेब असा सरळ नाही. तो ग्रंथ जुना दिसतो एवढ्यावरून तो बेवारस आहे असे मानणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

परंतु कायद्याने मुदत सांगितली म्हणून नीतीचा प्रश्न सुटत नाही. तो किती अवघड होऊ शकतो हे आमच्याच जिल्ह्यातील कारंज्याच्या जैन भांडारांकडे पाहिल्यास कळते. तेथील पोथ्यांवरून पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये १९३० नंतरच्या दशकात छापून निघाली आणि मराठीच्या पूर्वजांचा मोठा शब्दसंग्रह अभ्यासकांस खुला झाला. याच भांडारात धवला या सिद्धान्तग्रंथाची एक प्रत होती. मूळ ताडपत्रे दूर मूडबिद्रीस, आणि ती बाहेर जाऊ न देण्याचा तेथील कटाक्ष. तेथे नकलेस बसविलेल्या लेखकाने एक प्रत गुपचूप आपणाकडे ठेविली. ती सहारनपुरास पोहोचली, आणि तिच्या नकलांच्या नकला ठिकठिकाणी पसरल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील हिरालाल जैन यांनी १९३९ साली पहिला खंड छापला तो अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रतींच्या आधारे. पुढे मूडबिद्रीच्या मंडळींनीच मूळ पोथ्यांशी पाठ ताडून पाहण्यास साहाय्य केले, आणि १९५८ पर्यंत सोळा खंड पुरे झाले.

त्या नकलकाराने विश्वास मोडला यात संशय नाही. तरी ती प्रत बाहेर पडली नसती तर बरे झाले असते, असे म्हणणारा जैन अथवा अजैन अभ्यासक आम्हांस भेटलेला नाही. यावरून चोरीचे समर्थन होते असे कोणी समजू नये. आमच्या मते दोष रक्षकांकडेही होता. ज्या धर्मात शास्त्रदान हे चार दानांपैकी एक गणले जाते, तेथेच शास्त्र कुलपात राहिले! ठेव सांभाळणे आणि ठेव अडविणे यांतील सीमा त्यांनी फार पूर्वी ओलांडली होती.

त्याच परंपरेत शिकण्याजोगी दुसरीही एक गोष्ट आहे. जुन्या जैन पोथीच्या शेवटी पुष्कळदा प्रशस्ती असते: कोणी लिहविली, कोणासाठी, कोणत्या साली. पोथी कितीही हात फिरली तरी नाव तिच्याबरोबर फिरते. हेमचंद्राने बाराव्या शतकात देशीनाममाला रचली तेव्हा पूर्वीच्या कोशकारांची मते त्याने नावे घेऊन नोंदविली. याच्या उलट मोल्सवर्थचा ग्रंथ पाहा. शब्द वेचण्याचे आणि अर्थ ठरविण्याचे केवढे काम शास्त्रीमंडळींनी केले; मुखपृष्ठावर नावे मात्र मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंची. हा अन्याय कॉपीराइटची मुदत संपल्याने धुऊन जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यानेही लेखकाच्या नावाचा आणि कृती विद्रूप न होऊ देण्याचा हक्क त्या मुदतीच्या बंधनातून सोडविला आहे, हे योग्यच झाले.

म्हणून सामग्री वाटण्यास आमची हरकत नाही. ती निनावी करून, संक्षेप कोठे केला आणि भर कोठे घातली हे न सांगता वाटण्यास आहे. उद्या रिसोडच्या एखाद्या शिक्षकाने वऱ्हाडी शब्दांची यादी करून मोकळी सोडली, तर तिजवर त्याचे आणि ज्या गावांनी शब्द दिले त्यांचे नाव राहावे, आणि जो कोणी तिच्यात भर घालील त्यानेही ती मोकळीच ठेवावी, अशी अट त्यास घालता येते. तशा अटींचे परवाने आता सर्वत्र रूढ आहेत. महाराष्ट्र शब्दकोशाबाबत मात्र आधी संपादकांच्या वारसांस विचारले पाहिजे. ती कुटुंबे शोधणे एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यातले नव्हे. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या सरकारी संस्थेने हा पत्रव्यवहार अंगावर घ्यावा.