सल्ला आणि हुकूम

१९१८च्या सप्टेंबरात अमेरिकेतील बोस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स या प्रशिक्षण छावणीत इन्फ्लुएन्झा शिरला. सुमारे ३६ हजार जवानांसाठी बांधलेल्या त्या छावणीत तेव्हा ४५ हजारांवर माणसे कोंबलेली होती. २३ सप्टेंबरला लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने पाठवलेले पथक तिथे पोहोचले. विल्यम वेल्च, व्हिक्टर वॉन, रुफस कोल ही अमेरिकी वैद्यकातली त्या काळची सर्वांत वजनदार नावे त्यात होती. विशी-पंचविशीतली धडधाकट पोरे निळ्या पडलेल्या चेहऱ्यांनी श्वासासाठी तडफडत होती. खाटा केव्हाच संपल्या होत्या, परिचारिकाही आजारी पडत होत्या. शवविच्छेदनात रक्ताळ फेसाने भरलेली फुप्फुसे पाहून वेल्च हादरले. हा एखादा नवाच संसर्ग असावा, असे त्यांना वाटले.

या प्रसंगावरून सहसा एकच निष्कर्ष निघतो: विज्ञान हतबल झाले. तो मला अर्धवट वाटतो. जंतूच्या बाबतीत डॉक्टर चाचपडत होते, हे खरे. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांना सापडलेल्या जिवाणूकडे बोट दाखवले जात होते आणि माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढायला १९३३ उजाडावे लागले. पण छावणीतली माणसे वाचवण्यासाठी विषाणू दिसण्याची गरज नव्हती. गर्दी मारते, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. १८९८च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात छावण्यांमध्ये विषमज्वराने घातलेला धुमाकूळ वॉन यांनी स्वतः तपासला होता. १९१७-१८च्या हिवाळ्यात गोवर आणि त्यामागून आलेल्या न्यूमोनियाने नव्या रंगरूटांचे बळी घेतले, तेव्हा याच मंडळींनी छावण्या पाहून दाटी कमी करा, नव्याने आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवा, असे सांगितले होते. म्हणजे उत्तर हाती होते, अंमल हाती नव्हता.

लष्करातला डॉक्टर गणवेशात असतो, पण बराकीत किती खाटा लावायच्या हे तो ठरवत नाही. तो शिफारस करतो, कमांडर हुकूम काढतो. इलिनॉयमधल्या कॅम्प ग्रँटमध्ये कर्नल चार्ल्स हॅगडॉर्न यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा विरोध असताना जवानांना बराकींत आणखी दाटीने झोपवण्याची परवानगी दिली. साथ आली. मृतांचा आकडा पाचशेच्या पुढे गेला, तेव्हा हॅगडॉर्न यांनी आत्महत्या केली. त्या माणसाची वेदना खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्याच छावणीतून ३,१०८ जवानांना आगगाडीत भरून जॉर्जियातल्या कॅम्प हॅन्कॉकला पाठवले गेले आणि त्यातले शेकडो थेट रुग्णालयात गेले. अशी हलवाहलव साऱ्या देशभर चालली होती. ती एका कर्नलच्या मर्जीवर नव्हती.

यावर तेव्हा चाललेल्या पहिल्या महायुद्धाचे कारण पुढे केले जाते, आणि ते क्षुल्लक नाही. म्यूज-आर्गॉनची मोठी चढाई २६ सप्टेंबरला सुरू झाली होती, फ्रान्समध्ये माणसे हवी होती. प्रभारी सर्जन जनरल चार्ल्स रिचर्ड जवानांची ने-आण रोखण्याचा आग्रह धरत होते. लष्करप्रमुख पेटन मार्च यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पटवले की जहाजे थांबवू नयेत. युद्धातले मरण आणि जहाजावरचे मरण त्यांनी एकाच तराजूत तोलले. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. बंदरात उतरणारा तापाने फणफणलेला सैनिक लढायला उपयोगी नसतो, आणि तो ज्या जहाजात बसतो त्यातले निरोगीही त्याच्यासारखे होतात. शिवाय जहाजे फक्त एका देशाच्या जवानांना घेऊन एकाच किनाऱ्याला जात नव्हती. मुंबईतही त्या वर्षीच्या जूनमध्ये गोदीतल्या पोलिसांमध्ये ताप दिसू लागला, आणि त्याच साथीला पुढे मराठी मुलखाने मानमोडी म्हटले.

थांबवणे अशक्य होते, हे तर मुळीच खरे नाही. ऑक्टोबरसाठी १,४२,००० तरुणांना भरतीचे बोलावणे निघाले होते. चढाई सुरू झाली त्याच २६ सप्टेंबरला भरतीचा कारभार पाहणारे प्रोव्होस्ट मार्शल जनरल इनॉक क्राउडर यांनी साथीमुळे ते रद्द केले.