धरणी कापते तेव्हा

२१ मार्च २०२४ रोजी पहाटे आपल्या हिंगोली जिल्ह्याची भूमी हादरली. १० जुलैस सकाळी ती पुन्हा हादरली. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे येथे तर भूगर्भातून वर्षानुवर्षे गूढ आवाज ऐकू येत आहेत. ज्यांस १९९३ सालचे किल्लारी आठवते, त्यांचा थरकाप आम्हांस समजतो. मार्चात एवढी प्रार्थना केली, मग जुलैत पुन्हा का, असे कोणी विचारील, तर प्रचारक बंधूंनी त्यास अल्पविश्वासी म्हणून गप्प करू नये. प्रार्थना म्हणजे भुईस बांधावयाचा ताईत नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनविले. प्याला टळला नाही. मत्तय सांगतो की, तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. शब्द सुचत नाहीत म्हणून मंडळ्यांतील कित्येक वृद्ध भगिनी प्रार्थना करावयास लाजतात. मायबहिणींनो, त्या रात्री प्रभूलाही नवे शब्द लागले नाहीत! लूक म्हणतो, देवदूताने त्यास शक्ती दिली. मग तो उठला आणि शिष्यांकडे आला. रात्री घर डोललेच, तर लेकरांस घेऊन आधी मोकळ्या अंगणात या, आणि तेथे 'हे बापा' एवढीच हाक मारा.