शिफारशीचा जामीन

कुणाच्या कर्जाला जामीन राहू नये, असं वडिलांनी मला बजावलं होतं. सायकलच्या सहलीला जामीन राहू नये, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

भाचा बालीच्या बेटावर सायकलनं हिंडून आला होता. ऐन मे महिन्यात भवानी पेठेत आमच्याकडे उतरला आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "मामा, सोलापुरात सायकलवरून बघण्यासारखं काय?"

बालीसारखं म्हणाल, तर ऊन आमचं तिच्याहून कडक. बेटही आहे. सिद्धेश्वराचं देऊळ तलावाच्या मधोमधच आहे. समुद्राचं तेवढं राहिलंय.

मी सुरू झालो. "हिप्परग्याचा तलाव बघ. १८७१ साली बांधून झालेला. पाणीच पाणी! मग बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ सालचं माळढोक अभयारण्य. कमरेएवढा पक्षी, राजासारखा चालतो! आणि तुळजापूर? पंचेचाळीस किलोमीटर, सरळ रस्ता." शेवटचा घाट मी गावाच्या अभिमानापोटी गाळला.

आतून सौ.चा आवाज आला, "अहो, हिप्परग्याला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

हिशोब केला. लग्नाआधी. तेही डबलसीट, आणि पायडल मित्र मारत होता.

रात्री गच्चीवर झोप येईना. मी खोटं बोललो होतो का? तसं नाही. जे पाहिलं तेच सांगितलं. फक्त तेव्हाचं सांगितलं. मधल्या काळात तुळजापूरचा रस्ता चौपदरी झाला, ट्रक वाढले. नान्नजला माळढोक दिसणं आता लॉटरी लागण्यासारखं. मे महिन्यात हिप्परग्यात पाणी किती, हे मी बघायला गेलो होतो कुठे? आठवण खोटी नसते हो, पण औषधाच्या बाटलीसारखी तिचीही मुदत संपते. मुदत संपलेलं औषध आपण पाहुण्याला देत नाही. मुदत संपलेला रस्ता मात्र बिनदिक्कत देतो. शोभा गावाची होते, आणि भरदुपारी ट्रकच्या शेजारून घाम गाळतो तो दुसऱ्याचा मुलगा!

पहाटे पाचला त्याला उठवलं आणि सगळं कबूल केलं. म्हटलं, "लांबचं राहू दे. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, असं सांगतात. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्यांच्या प्रदक्षिणेला निघतात. त्यातली सापडतील तेवढी बघू. नऊच्या आत घरी."

"बघू? म्हणजे तुम्हीही?"

"जामीनदार आहे मी."

शेजाऱ्याची सायकल मागून आणली. रूपाभवानीच्या देवळापर्यंत झोकात गेलो. तिथे चेन पडली. भाचा हात काळे करत ती बसवत होता, तेवढ्यात गल्लीतून मागांचा खडखडाट सुरू झाला. तो थांबून ऐकू लागला.

"मामा, हे काल सांगितलं नाहीत?"

जन्मभर ऐकत आलो, म्हणून ते बघण्यासारखं आहे हे ध्यानातच आलं नव्हतं. त्या सकाळी सापडली फक्त तीन लिंगं. बाकीचा वेळ मागांपाशी गेला.

परतताना त्यानं मला डबलसीट आणलं. दुसरी सायकल घरी कशी आली, ते शेजाऱ्याला सांगू नका.