थकलेल्या हातांस टेकू

शास्त्रपाठ : निर्गम १७ : ८–१३, करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय ८ व ९.



सन २०१९ च्या आगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांस महापूर आला, आणि सांगली-कोल्हापुराकडील शेंकडों गांवें संकटांत पडलीं. सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस निसर्ग नांवाच्या चक्रीवादळानें कोंकणांतल्या नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट उपटल्या. त्याच वर्षीं करोनाच्या सांथीनें मजुरांची रोजी बुडविली. सन २०२१ च्या जुलैंत चिपळूण शहर बुडालें व महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगराचा कडा कोसळला. सन २०२३ च्या जुलैंत इरशाळवाडी ही डोंगरावरची वस्ती एका रात्रींत दरडीखालीं गेली. सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत व सीना नदीच्या कांठीं असा पाऊस लोटला कीं, उभीं पिकें तर गेलींच, परंतु कित्येक शेतांतली मातीही खरडून वाहून गेली.

ह्या प्रत्येक प्रसंगीं मंडळ्यांमध्यें वर्गणीची थैली फिरली. पहिल्या वेळीं लोक न मागतां देतात. कोणी धान्य आणितो, कोणी घोंगडी आणितो, आणि प्रार्थना करितांना डोळ्यांस पाणी येतें. दुसऱ्या वेळीं देणें होतें, परंतु डोळे कोरडे राहतात. चवथ्या-पांचव्या वेळीं मात्र थैली दिसतांच मनांत शब्द उठतो कीं, "पुन्हां वर्गणी? आमच्या घरीं तरी काय उरलें आहे?" शिक्षकही विनंती वाचून दाखवितांना घाईनें वाचतो व खालीं बसतो. हा प्रकार आज अनेक ठिकाणीं आहे. म्हणून त्याविषयीं रागावून नव्हे, तर शास्त्र उघडून बोलावें असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, थकवा आणि कठोरपणा हीं दोन निरनिराळीं आहेत. मोशे डोंगरमाथ्यावर हात वर करून उभा होता. त्याचा विश्वास उणा झाला नव्हता व लोकांवरील त्याची प्रीतिही आटली नव्हती. तरी त्याचे हात जड झाले. हात मांसाचे होते, म्हणून ते थकले. देवानें त्याबद्दल त्याला दोष दिला असें तेथें लिहिलेलें नाहीं. एलीया रानांत झुडपाखालीं पडून मरण मागूं लागला, तेव्हां दूतानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं; प्रथम भाकर व पाणी दिलें आणि निजूं दिलें. प्रभु येशूनेंही आपल्या शिष्यांस, लोकांच्या येण्याजाण्यामुळें जेवावयासही फुरसत होईना, तेव्हां एकांतांत जाऊन विसावा घेण्यास सांगितलें. तेव्हां ज्याचें मन आज थकलें आहे, त्यानें आपणांस पापी समजून अधिक खचूं नये. परंतु थकलेला मनुष्य आधार मागतो, आणि कठोर मनुष्य दार लावून घेतो. आपण ह्यांपैकीं कोण आहों, हें प्रत्येकानें आपल्या मनांत पाहावें.

दुसरी गोष्ट, हा थकवा येतो कशानें? आमच्या मतें त्याचें एक मोठें कारण हें कीं, आपण आपलें देणें केवळ कळवळ्याच्या लाटेवर सोडून देतों. लाट येते तशी ओसरते. मनुष्याच्या मनाची घडणच अशी आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टीन व पॉल स्लोविक ह्या विद्वानांनीं ह्याविषयीं एक प्रयोग करून तो सन २००७ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं लोकांस त्यांनीं आफ्रिकेंतील एका उपाशी मुलीची हकीकत सांगितली, आणि कांहींस लाखों उपाशी लोकांचे आंकडे दाखविले. एका मुलीसाठीं लोकांनीं अधिक दिलें. लाखोंसाठीं कमी दिलें. इतकेंच नव्हे, तर मुलीच्या हकीकतीबरोबर आंकडेही दाखविले तेव्हां तिच्यासाठींचें देणेंही घटलें. ह्यावरून दिसतें कीं, दुःख जसजसें वाढतें तसतसा कळवळा वाढत नाहीं. उलट तो दबून जातो. वर्तमानपत्रांत व हातांतल्या यंत्रावर रोज नवा पूर, नवा भूकंप, नवें प्रेत पाहणाऱ्या मनाची गत अशीच होते. मग लोकांस हलविण्यासाठीं प्रत्येक वेळीं अधिक भयंकर चित्र दाखवावें लागतें, आणि तेंही पुढें बोथट होतें. कळवळा ही देवाची देणगी आहे. परंतु ती ठिणगी आहे, सरपण नव्हे.

तिसरी गोष्ट, हें दुखणें आजचें नव्हे. प्रेषितांच्या काळींही तें होतें. क्लौद्य बादशहाच्या वेळीं दुष्काळ पडला, तेव्हां अंत्युखियाच्या शिष्यांनीं बर्णबा व शौल ह्यांच्या हातीं यहूदियांतील बंधुजनांस मदत पाठविली. एवढ्यानें काम संपलें काय? नाहीं. सुमारें दहा वर्षांनीं तोच पौल त्याच यरुशलेमेच्या गरिबांसाठीं पुन्हां वर्गणी गोळा करीत गांवोगांव फिरत होता. आज आपण म्हणतों, "पुन्हां तेंच गांव, पुन्हां तेच लोक." करिंथ येथेंही कोणीतरी असेंच म्हटलें असेल. कारण करिंथकरांनीं एक वर्षापूर्वीं मोठ्या उत्साहानें आरंभ केला होता; पौलानें त्यांची शाबासकी मासेदोनियांत गाइली होती; आणि आतां काम अर्धवट पडून, आपणांस लाज वाटण्याची पाळी येते कीं काय, अशी त्याला चिंता लागली. मग त्यानें काय केलें? त्यानें दुष्काळाचें अधिक हृदयद्रावक वर्णन लिहून पाठविलें नाहीं. त्यानें थकलेल्या हातांखालीं टेकू लाविले. ते टेकू आपण एकेक पाहूं.

पहिला टेकू नियमाचा. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीप्रमाणें घरींच कांहीं वेगळें काढून ठेवावें, म्हणजे आपण आल्यावर गडबड करून गोळा करावें लागणार नाहीं, असें त्यानें त्यांस पूर्वींच सांगून ठेविलें होतें. थोडें, परंतु नेमानें. मिझोराम प्रांतांतील मंडळ्यांच्या स्त्रिया सन १९१० च्या सुमारापासून दर वेळीं भात शिजविण्यापूर्वीं एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठीं वेगळे काढीत आल्या आहेत. ह्या चालीस तेथें 'बुहफाई थाम' म्हणतात. एका मुठीनें कोणाचें घर बुडत नाहीं. परंतु त्या मुठींवर तेथील मंडळ्यांचें पुष्कळ कार्य उभें आहे. ज्या घरीं अशी मूठ रोज निघते, त्या घरास पुराची बातमी आल्यावर मन तापण्याची वाट पाहावी लागत नाहीं; मडक्यांत धान्य अगोदरच असतें.

दुसरा टेकू समतेचा. पौल स्पष्ट लिहितो कीं, मनुष्याजवळ जें आहे त्या मानानें त्याचें देणें मान्य होतें, जें नाहीं त्या मानानें नव्हे. आणि दुसऱ्यांस आराम व तुम्हांस जाच व्हावा असाही त्याचा हेतु नाहीं. हें आमच्या गरीब बंधूंनीं नीट ध्यानांत ठेवावें. सावकाराकडून काढून वर्गणी देऊं नये. ज्याचेंच शेत वाहून गेलें आहे, त्यानें ह्या वर्षीं घ्यावें. घेण्यांत लाज नाहीं. कारण पाळी फिरत असते. सन १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव ह्या जिल्ह्यांतील गांवें जमीनदोस्त झालीं व हजारों माणसें मेलीं. त्याच लातुरांत सन २०१६ सालीं प्यावयास पाणी राहिलें नाहीं, तेव्हां एप्रिल महिन्यांत मिरजेहून कृष्णेचें पाणी आगगाडीनें पाठविण्यांत आलें. पहिल्या गाडींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. पुढें तीनच वर्षांनीं त्याच कृष्णेनें सांगली-मिरज भागांतलीं घरें बुडविलीं, आणि पाणी देणारा मुलूख मदत घेणारा झाला. आज ज्याची ओंजळ देणारी आहे, तिलाच उद्यां घेणारी व्हावें लागेल. हें ज्यास कळलें, तो "तेच लोक पुन्हां" असें म्हणणार नाहीं, तो म्हणेल, "आज त्यांची पाळी आहे."

पंडिता रमाबाईंचें चरित्र ह्याचीच साक्ष देतें. तरुणपणीं दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गमावून त्या वणवण फिरल्या. पुढें सन १८९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांत जाऊन निराधार मुली व स्त्रिया आणिल्या; आणि त्या बिऱ्हाडाचा भार डोक्यावर असतांनाच सन १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां केडगांवीं पुन्हां दार उघडलें. "एकदां केलें, आतां दुसऱ्यांनीं करावें," असें म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. तो त्यांनीं वापरला नाहीं.

तिसरा टेकू हिशेबाचा. पौलासारखा प्रेषितही ते पैसे एकटा घेऊन गेला नाहीं. देवापुढें तर खरेंच, परंतु मनुष्यांपुढेंही काम चोख दिसावें म्हणून त्यानें मंडळ्यांनीं निवडलेलीं विश्वासू माणसें बरोबर घेतलीं. पुष्कळदां ज्याला आपण कळवळ्याचा थकवा म्हणतों, तो वास्तविक अविश्वास असतो. दिलेलें कोठें गेलें हें कळत नाहीं, म्हणून हात आंखडतो. ह्यास्तव आमची शिक्षकबंधूंस आग्रहाची विनंती आहे कीं, थैली दोघांनीं मोजावी, आंकडा वहींत लिहावा, पुढल्या रविवारीं मंडळीपुढें वाचावा, आणि मदत पोंचल्याची पावती सर्वांस दाखवावी. देणारांचीं नांवें मात्र वाचूं नयेत. विधवेचे दोन पैसे श्रीमंताच्या नोटेपुढें लाजवूं नयेत.

चवथा टेकू शेवटास नेण्याचा. पौल करिंथकरांस नवें काम सांगत नाहीं. आरंभिलेलें पुरें करा म्हणतो. संकटाच्या पहिल्या आठवड्यांत मदतीचा पूर येतो, आणि पुढें कोरड पडते. सन २००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीच्या लाटांनीं तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, त्यानंतर देशभरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथें रस्त्याकडेला पडून राहिले. ते कोणास उपयोगीं नव्हते. उलट ज्याची माती वाहून गेली, त्याला खरी गरज लागते ती बातमीदार निघून गेल्यावर: रब्बीच्या पेरणीस ज्वारी-हरभऱ्याचें बी, बैलास कडबा, मुलांस वह्या-पुस्तकें, घर उभारावयास दोन हात. म्हणून आम्ही म्हणतों, दहा ठिकाणीं एकेक वेळ देऊन थकण्यापेक्षां एका मंडळीनें एक वाडी धरावी, आणि तेथील चुली पुन्हां नीट पेटेपर्यंत ती सोडूं नये. लाखोंचा आंकडा मन दाबून टाकितो. परंतु ज्या घरचीं माणसें नांवानें माहीत आहेत, त्यांचा कंटाळा सहसा येत नाहीं. शोमरोनी मनुष्यानेंही असेंच केलें. यरीहोच्या वाटेवरचे सर्व जखमी त्यानें उचलले नाहींत. जो पुढें पडला होता त्याला उचललें, त्याची जात विचारली नाहीं, त्याच्याकडून कांहीं कबूल करून घेतलें नाहीं. रात्रभर शुश्रूषा केली. सकाळीं उतारशाळेच्या रक्षकास दोन नाणीं दिलीं, अधिक लागल्यास परत आल्यावर देईन असें सांगितलें, आणि आपल्या वाटेनें गेला. भार त्यानें दुसऱ्यावर वांटला. परंतु परत येण्याचा शब्द दिला.

कोणी म्हणेल, गरीब तर सदा राहणारच. किती दिवस द्यावें? हें बोलणें शास्त्रांतलेंच आहे, परंतु अर्धें आहे. अनुवादांत मोशेनें सांगितलें आहे कीं, देशांत दरिद्री नाहींतसे होणार नाहींत, आणि म्हणूनच आपला हात बंधूसाठीं उघडा ठेवावा. आपण ज्या गोष्टीस हात आंखडण्याचें निमित्त करितों, तीच देवानें हात उघडा ठेवण्याचें कारण म्हणून सांगितली आहे.

शेवटीं, शिक्षकबंधूंनो, एक शब्द तुम्हांस. पूरग्रस्तांच्या छावणींत तुम्ही रात्रीं जागलां, प्रेतें उचललीं, घरोघर जाऊन रडणारांजवळ बसलां. तुमचें मन बधिर झालें असेल, तर मंडळींतल्या वडील माणसांस तसें सांगा, आणि कांहीं दिवस विसावा घ्या. मोशेनें आपले हात थकले हें लपविलें नाहीं. म्हणून अहरोन व हूर ह्यांस धांवून येतां आलें. आणि मंडळीहो, तुमचा शिक्षक घाईनें विनंती वाचून खालीं बसला, तर त्याला नांवें ठेवूं नका. त्याच्या बाजूस जाऊन उभे राहा. बसावयास एक धोंडा आणि दोन्हीकडून धरणारीं दोन माणसें, एवढ्या सामुग्रीवर ते हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले.

हे दयाळू पित्या, आमचीं मनें थकलीं आहेत हें तूं जाणतोस. तीं कठोर होऊं देऊं नको. रोजच्या मुठीचा नेम आम्हांस दे, हिशेबाचा चोखपणा दे, आरंभिलेलें शेवटास नेण्याचें बळ दे. आणि आमचा हात जड होईल तेव्हां आमच्या शेजाऱ्याचा हात त्याच्याखालीं असूं दे. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.